वापरात आहे

दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात घास होता. आधी आवाज आत आले: ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक, खिडकीवर नंबर पुकारणारा माणूस, कुठल्याशा पोराचं रडणं, जिन्यात आपटलेली बादली. आणि त्या सगळ्या गलक्याच्या मागून एक उंच, ताठ म्हातारी बाई. पायात पांढरे बूट, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. तिनं त्यांना लगेच ओळखलं आणि घास तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकवेना. मांडीवर डबा, हातात चमचा, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. एखाद्याच्या घरात त्याच्या गैरहजेरीत शिरून, त्याच्याच पलंगावर पाय पसरावेत आणि नेमका तो दारात उभा राहावा, तसं झालं.

"हीच ना कान तपासायची खोली?" बाईंनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"आणि यंत्र?"

तिनं कोपऱ्यातलं कपाट दाखवलं. चमच्यानं दाखवलं. हात आपोआप वर गेला आणि त्याच्या टोकाला चमचा होता.

बाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग डब्याकडे. "जेवून घ्या आधी," त्या म्हणाल्या. "अर्धवट उठू नका. मी बाहेर बसते." आणि त्यांनी ते जाड दार ओढून घेतलं. दांडी खटकन बसली, आवाज सुरीनं कापावेत तसे तुटले आणि पुन्हा ती शांतता झाली. रोज याच शांततेसाठी ती दुपार व्हायची वाट पाहायची. आज त्या शांततेत तिला स्वतःचंच चावणं ऐकू येऊ लागलं. दातांचा, जिभेचा, गिळण्याचा आवाज. आपण इतक्या आवाजात जेवतो हे तिला ठाऊक नव्हतं.

रुग्णालयात तिला सगळे पाठीमागे हिशेबबाई म्हणत. तोंडावर मॅडम. हिशेब विभागात ती पंधराएक वर्षं होती आणि अलीकडची काही वर्षं देणग्यांचं टेबल तिच्याकडे होतं. हे सरकारी रुग्णालय. औषधांना पैसे असायचे तर सुयांना नसायचे, सुया यायच्या तोवर औषधं संपायची, आणि मधली भोकं लोकांच्या देणग्यांनी बुजायची. कुणी वडिलांच्या नावानं पंखा द्यायचं, कुणी बायकोच्या नावानं खाट, कुणी निवडणुकीच्या आधी चाकाच्या खुर्च्या. आलेली प्रत्येक वस्तू नोंदवायची, तिच्यावर नंबर घालायचा, आणि दर सहा महिन्यांनी देखरेख कार्यालयाला एक उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं: अमुक देणगी, अमुक कामासाठी, वापरात आहे. खाली सही. तिच्या आधीचा कारकून म्हणायचा, "धर्माची गाय, नि दात का गं नाय? मॅडम, आपलं काम दात मोजायचं. गाईला वाईट वाटलं तरी मोजायचे आणि देणाऱ्याला वाईट वाटलं तरी मोजायचे." तो गेला, वाक्य राहिलं. ती दात मोजत राहिली. चांगले मोजायची. कुठल्या वॉर्डातली कुठली खाट कुणाची, हे तिला तोंडपाठ होतं. गेल्या वर्षी नोंदीत असलेलं आणि जागेवर नसलेलं एक पाणी थंड करायचं यंत्र तिनं थेट एका वरिष्ठ डॉक्टरांच्या घरच्या ओट्यापर्यंत शोधून काढलं होतं आणि परत आणवलं होतं. तेव्हापासून लोक तिला थोडे बिचकून असायचे.

ही खोली आत्ता बाहेर बसलेल्या या पीटीच्या बाईंनी दिलेली. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांनी रांगेत उभं केलेलं, त्यामुळे रुग्णालयात आल्या की चाळिशीचे डॉक्टरसुद्धा पोट आत घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी त्या देणगीचं पत्र घेऊन आल्या तेव्हा तिच्याच टेबलासमोर बसल्या होत्या. नुकत्या जन्मलेल्या बाळांचे कान तपासायचं यंत्र आणि त्यासाठी आवाज न शिरणारी एक लहानशी खोली. अट एकच, चालवणारा शिकलेला माणूस रुग्णालयानं द्यायचा. "पाटी कुणाच्या नावाची लावायची?" तिनं विचारलं होतं. "कुणाचीच नको. बाळांना वाचता येत नाही," बाई म्हणाल्या होत्या. खोली झाली. भिंतींना आतून राखाडी स्पंजचे त्रिकोण, शीतगृहासारखं दार, दारावर लाल दिवा. पण माणूस आला नाही. पदाचा प्रस्ताव वर गेला, एक शंका काढून परत आला, शंकेचं उत्तर गेलं, आणि मग कुठेतरी कागदांखाली झोपला. यंत्र पेटीत, पेटी कपाटात. दारावर पाटी नसल्यामुळे ही खोली कशाची हे नव्या लोकांना कळेना आणि जुने विसरले.

मग हळूहळू खोलीचा शोध लागला. कुणी लावला कोण जाणे. रात्रपाळी संपवून घरी न गेलेली एखादी सिस्टर तिथे अर्धा तास डोळे मिटायची. तपासण्यांचे निकाल सांगून सांगून थकलेला एक तरुण डॉक्टर भिंतीला पाठ लावून नुसता बसायचा. कुणीतरी रडूनही जायचं. ओला रुमाल एकदा तिला सापडला होता. लोक तिला गुपचूप खोली म्हणायला लागले. म्हण आहे की भिंतींना कान असतात. या एका खोलीच्या भिंतींना नव्हते. ती पहिल्यांदा आली ती नोंदीसाठीच, यंत्र जागेवर आहे का ते पाहायला. मागे दार आपोआप लागलं. आणि तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी खाली ठेवलं. कडेवर घेतलेल्या मुलाला ठेवतात तसं, अलगद. किती वेळ उभी होती कळलं नाही. कानात बारीक गूं गूं व्हायला लागलं आणि ते आपलंच रक्त आहे हे कळायला जरा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. तिची वेळ दुपारची, हे मग सगळ्यांना माहीत झालं आणि त्या वेळेला दुसरं कुणी येईना. पाण्याचं यंत्र शोधून काढणाऱ्या बाईला कोण अडवणार?

तिनं डबा बंद केला, चपला घातल्या आणि दार उघडलं. बाई बाकावर बसल्या होत्या, पाठ न टेकता.

"झालं?"

"हो. या ना आत."

आत एकच खुर्ची होती. ती तिनं बाईंना दिली आणि बाळाच्या आईसाठी ठेवलेल्या स्टुलावर स्वतः बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती पदाच्या प्रस्तावाबद्दल सांगायला लागली. शंका, उत्तर, शिफारस. या खोलीत आवाजाला मागे प्रतिध्वनी नसतो. शब्द तोंडातून निघून समोरच्या भिंतीत रुततात. आपलंच बोलणं तिला उघडं, केविलवाणं वाटलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे एकाही बाळाचा कान तपासला नाही."

"नाही."

"आणि कागदावर काय लिहिता?"

तिनं खाली पाहिलं. "कक्ष वापरात आहे."

बाईंनी भिंतीच्या स्पंजवरून हात फिरवला. "खोटं नाही ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वापरता."

टोमणा होता का? तिनं चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

मग बाईंनी सांगितलं. विचारलं नव्हतं तरी सांगितलं, बहुधा खोलीनंच त्यांना बोलतं केलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता. गोरापान, गुटगुटीत, आणि घरादाराच्या मते पक्का आडमुठा. हाक मारली तर यायचा नाही, ये म्हटलं तर जायचा, जा म्हटलं तर हसायचा. वडील शीघ्रकोपी. पट्ट्यानं मारायचे. मार खाल्ला की पोरगं रडायचं, पण कशासाठी मारलं ते त्याला कळतच नसे, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच. आई म्हणायची, याच्या कानात वारं शिरलंय. "मी चौथीत होते. शाळेत कवायतीची शिट्टी मिळाली होती. तो अंगणात खडे मांडत बसलेला, पाठमोरा. मला आला राग. गेले मागे आणि त्याच्या कानापाशी जीव खाऊन शिट्टी फुंकली. झाडावरची पाखरं उडाली. शेजारच्या काकू धावत बाहेर आल्या. आणि हा पुढचा खडा मांडतोय." बाईंनी हात मांडीवर ठेवले. "पाच वर्षांचा होता. तेव्हा कुठे कळलं. बोलणं शिकायचं वय निघून गेलेलं. वडिलांनी त्यानंतर कुणावरही हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. मरेपर्यंत घरात जेवढ्यास तेवढं बोलले. आम्हाला वाटायचं, त्यांनीपण कान बंद करून घेतलेत."

"भाऊ आता?"

"गेला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की मोत्याचा दाणा. आयुष्यभर लोकांची नावं रंगवली आणि एकही नाव कधी ऐकलं नाही. लग्न केलं नाही. जे साठवलं ते मला ठेवून गेला. मला पेन्शन आहे, मला काय करायचंय? म्हणून हे." त्यांनी कपाटाकडे हात केला. "मी तक्रार करायला आलेले नाही हो. गुडघ्याचं दाखवायला आले होते. म्हटलं, जाता जाता बघून जाऊ."

त्या गेल्यावर ती टेबलाशी येऊन बसली. समोर नेहमीचं होतं सगळं. पंख्याखाली फडफडणारे कागद, शेजारच्या टेबलावरचा चहाचा डाग, खिडकीतून दिसणारी कपडे धुण्याची इमारत आणि तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी. तिनं त्या खोलीची फाइल काढली. फाइलमध्ये काही दडलेलं नव्हतं. काय आहे ते तिला ठाऊक होतं, कारण तिनंच लावलेली होती. पदासाठी तिनं पहिलं स्मरणपत्र पाठवलं होतं. दुसरं लिहिलं होतं, टाइप केलं होतं, आणि पाठवलं नव्हतं. का? त्या वेळी वर्षअखेर होती, कामाचा डोंगर होता, हे खरं. पण डोंगर नंतर उतरला होता. तिनं तारीख पाहिली आणि मनातल्या मनात दुसरी एक तारीख शोधली, डबा घेऊन पहिल्यांदा खोलीत गेल्याची. ती कुठे लिहिलेली नव्हती. पण उन्हाळा लागायला आला होता एवढं आठवत होतं, आणि पत्रही उन्हाळा लागायला आला तेव्हाचंच. मी मुद्दाम नाही ठेवलं, ती स्वतःशी म्हणाली. आणि लगेच तिच्यातलीच ती दात मोजणारी बाई म्हणाली, मुद्दाम ठेवलं असं कुणी म्हटलं? राहिलं. नेमकं हेच राहिलं. वरिष्ठ डॉक्टरही तेच म्हणाले होते पाण्याच्या यंत्राबद्दल: अहो, परत द्यायचं राहूनच गेलं. तेव्हा ती किती शांतपणे, किती वरून त्यांच्याकडे पाहत उभी होती! कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात. कुंपणाला ते कळतही नसेल. त्याला वाटत असेल, आपण आपले उभे आहोत.

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा नळाशी खटपट करत होता आणि त्याचं बोलणं चालू होतं. तो बसचा कंडक्टर होता. पाठीच्या दुखण्यानं वेळेआधी निवृत्ती घ्यावी लागली. माणूस सोन्यासारखा. स्वयंपाक करायचा, कपडे वाळत घालायचा, तिची वाट पाहायचा. पण दिवसभर साठवलेलं सगळं ती उंबऱ्यात दिसली की सुरू. "आलीस? हा नळ बघ, वॉशर गेलाय, मी दुकानात गेलो, तर तो म्हणतो पाऊण इंची की अर्धा, मी म्हटलं अरे बाबा तू दुकानदार का मी, आणि वाटेत आपला तो शेजारी, तो म्हणतो..." आयुष्यभर गर्दीत बोललेला माणूस, गर्दी गेली आणि ती एकटी सगळी गर्दी झाली. ती हो हो करायची. हं म्हणायची. तिच्या हं ला वेगवेगळे सूर होते, त्याच्या वाक्यांच्या शेवटांना बरोबर बसणारे, आणि ते लावताना तिला ऐकावं लागायचं नाही. आज तिनं हं म्हटलं आणि मध्येच थांबली. खडे मांडणारं पाठमोरं पोरगं तिच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला ऐकू येत नव्हतं. आपल्याला येतं.

"ऐक ना," ती म्हणाली. "मी दुपारी कुठे जेवते माहितेय?"

तो पाना हातात घेऊन वळला. तिनं सांगितलं, खोली, दार, शांतता, बाई. त्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "म्हणजे घरी माझ्या बोलण्याचा त्रास होतो, म्हणून?"

नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. "होतो," ती म्हणाली. "कधीकधी."

तो पाना पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "मला वाटायचं, घरात अगदीच सामसूम असते, तू दमून येतेस, कुणीतरी बोलायला पाहिजे. म्हणून मी आपला..." मग जरा हसला. "काय गं आपण! मी तुझ्यासाठी बोलतोय आणि तू माझ्यासाठी हं म्हणतेयस." तीही हसली, पण त्याचे डोळे हसत नव्हते हे तिला दिसलं, आणि ते तिनं पाहिलं हे त्यालाही. नळ तसाच ठिबकत राहिला. जेवताना दोघं जपून बोलले. नव्या ओळखीच्या माणसांसारखे.

त्याच आठवड्यात प्रमाणपत्रं पाठवायची होती. तिनं बाकीची नेहमीप्रमाणे तयार केली आणि त्या खोलीचं शेवटी घेतलं. नमुना ठरलेला, रिकाम्या जागी एरवी फक्त एक ओळ. तिनं लिहिलं: यंत्र एकदाही वापरलेलं नाही. चालवणारा माणूस नेमला गेला नाही. खोलीचा वापर कर्मचारी विश्रांतीसाठी करतात. त्यांत सही करणारीही आहे. यापूर्वीची प्रमाणपत्रं दिशाभूल करणारी होती. मग तिनं ते वाचलं. चौथं वाक्य खोडावंसं वाटलं. त्याच्याशिवायही सगळं खरंच होतं. पण ते खोडलं तर उरलेलं खरं तिला दुसऱ्या कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. पाण्याच्या यंत्राबद्दल लिहिलं होतं तसं. तिनं ते राहू दिलं.

अधीक्षकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि तिला बसायला सांगितलं. चांगला माणूस. फुप्फुसांचे डॉक्टर, हाताला गुण असलेले. निवृत्तीला थोडा काळ राहिला होता आणि जाण्याआधी लहान मुलांसाठी नवी इमारत उभी राहावी एवढीच त्यांची इच्छा होती. शहरातलं एक तेलाच्या धंद्यातलं कुटुंब, सगळे त्यांना तेलवाले म्हणत, ती बांधून द्यायला तयार होतं. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात आधीच्या देणग्यांचे कागद पाहायला येणार होता.

"आत्ताच का?" अधीक्षक म्हणाले.

"आत्ता मुदत आहे, सर."

"तुम्हाला ठाऊक आहे, एका खाटेवर दोन दोन मुलं झोपतात. मी खोटं लिहा म्हणत नाही. 'कक्ष वापरात' एवढंच लिहा, जे आजवर लिहिलं. पद मी मंजूर करून घेतो. शब्द देतो. इमारत झाली की त्यात चार माणसं मागू."

दोन दोन मुलं झोपतात हे तिनं पाहिलं होतं; एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी. एका पारड्यात ती मुलं आणि दुसऱ्यात एक ओळ. कुणीही सांगेल कुठलं पारडं जड.

"सर," ती म्हणाली, "मला हे पटवून देता येणार नाही. तुमचं बरोबर असेलही. पण तो माणूस येणार तो माझी सही बघायला येणार. ती सही काय म्हणते ते मला माहितेय."

"आणि स्वतःचं नाव कशाला घातलंत? आ बैल मुझे मार?"

"दुसऱ्यांचं घातलं म्हणून."

ते खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणत होतं. "जाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. कागद पाठवायला जाऊ द्या की विषय जाऊ द्या, हे तिला कळलं नाही. तिनं कागद उचलला आणि पाठवला.

मग जे झालं ते हळूहळू झालं, आणि कुणाच्याच मनासारखं पूर्ण झालं नाही. तेलवाल्यांचा माणूस आला. त्यानं तिच्याकडून ते प्रमाणपत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि अधीक्षकांना अदबीनं म्हणाला की आधी ही एक खोली चालू झालेली बघू, मग इमारतीचं बोलू. इमारत लांबली. अधीक्षक निवृत्त झाले तेव्हा त्या जागेवर गाड्याच उभ्या होत्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, तिच्याशीही. देखरेख कार्यालयातून एक तरुण निरीक्षक बाई आली; तिनं खोली पाहिली, पेटी उघडायला लावली, आणि लेखी दिलं की ठरल्या मुदतीत माणूस द्या, नाहीतर देणारीच्या संमतीनं यंत्र दुसऱ्या रुग्णालयाकडे जाईल. यंत्र जाणार म्हटल्यावर जे कागद कुणाला सापडत नव्हते ते सापडले. दुसऱ्या रुग्णालयातली एक तंत्रज्ञ आठवड्यातून दोन दिवस यायची ठरली. खोलीला कुलूप लागलं. रात्रपाळीच्या सिस्टर हिशेबबाईशी बोलेनाशा झाल्या, एकजण जिन्यात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "स्वतःचं पोट भरेस्तोवर बरी होती खोली." खोटं नव्हतं. आणि दिशाभूल करणाऱ्या सह्यांबद्दल तिच्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली, देणग्यांचं टेबल काढून घेतलं आणि तिला तळमजल्यावर कापडाच्या भांडारात पाठवलं. चादरी, पडदे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे.

भांडारात तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. स्टार्चचा आणि ऊन लागलेल्या कापडाचा वास यायचा. धुलाईच्या यंत्रांची घरघर भिंतीतून सतत यायची, आणि जेवायला ती आता तिथल्या मावशींबरोबर जमिनीवर बसायची. मावशी एकमेकींचे डबे उचकटायच्या, सुनांना शिव्या द्यायच्या, आणि मध्येच तिला विचारायच्या, "तुमचं काय मॅडम?" सुरुवातीला तिच्या डोक्यात घण पडल्यासारखं व्हायचं. शांतता आठवायची, तहान आठवावी तशी, घशात. ती गेली असं नाही. पण तिला एक कळलं, की गलबल्यात बसलं तरी एकेक आवाज सुटा करून ऐकता येतो, निवडलेल्या डाळीसारखा. घरी ती हे करून बघू लागली. नवऱ्याच्या बोलण्यात दुकानदार, वॉशर, शेजारी यांच्या खाली कधीकधी एखादं वेगळंच वाक्य असायचं. पाठ आज जास्त दुखतेय. किंवा, तो जुना ड्रायव्हर गेला. ती इतकी वर्षं त्याच्यावरही हं म्हणत आली होती.

एकदा वरून चादरी मागवल्या आणि मावशी रजेवर, म्हणून तीच गठ्ठा घेऊन गेली. त्या मजल्यावर पाय ठेवताच काहीतरी निराळं वाटलं. व्हरांडा भरलेला होता, कडेवर, खांद्यावर, मांडीवर बाळं घेतलेल्या बायका, त्यांच्या सासवा, आया, एकदोन बावरलेले बाप, आणि तरी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खोलीवरचा लाल दिवा लागलेला. त्याच्याखाली पीटीच्या बाई उभ्या होत्या. कुणी नुसता घसा खाकरला तरी त्या एक बोट वर करायच्या, की सगळी रांग चिडीचूप. त्यांनी तिला पाहिलं, गठ्ठ्यासकट, आणि मान हलवली. "झोपलेलं बाळ लागतं तपासायला," त्या कुजबुजल्या. "नाहीतर नीट येत नाही म्हणे. म्हणून मी आपली दोन दिवस येते."

दिवा विझला. तंत्रज्ञ मुलगी दार उघडून बाहेर आली आणि तिच्याबरोबर एक आई, विशीही न गाठलेली, खांद्यावर बाळ. "दोन्ही कानांकडून उत्तर आलं नाहीये," तंत्रज्ञ हळू आवाजात सांगत होती. "यावरून अजून काही ठरत नाही. पुन्हा तपासू. मग मोठ्या तपासणीला पाठवू. पण इतक्या लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं, हे लक्षात ठेवा." आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग तंत्रज्ञ पुढच्या बाळाला घेऊन आत गेली, लाल दिवा पुन्हा लागला, आणि ती पोरगी बाकावर येऊन बसली. बाकाच्या टोकाला गठ्ठा टेकवून उभी असलेली हिशेबबाई तिच्या सगळ्यांत जवळ होती, म्हणून पोरगी तिच्याकडेच पाहून बोलली.

"अजून नाव ठेवलं नाही याचं," ती म्हणाली. "आता ठेवून काय करू? हाक कशी मारायची याला?"

हिशेबबाईला काहीतरी म्हणायचं होतं. अजून काही ठरलेलं नाही, किंवा तसलंच काही. पण पीटीच्या बाई तोवर आल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यावर हात देत त्या पोरीच्या पुढ्यात खाली बसल्या, थेट जमिनीवर.

"समोर जाऊन," त्या म्हणाल्या. "दर वेळी उठायचं आणि समोर जायचं. मागून मारायची नाही."

पोरीनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग बाळाला खांद्यावरून उतरवलं, मांडीवर घेतलं, त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येईल असं धरलं, आणि ते डोळे कधी उघडतंय त्याची वाट बघत बसली.